मऊ केलेलं वाक्य

सर, काल तुमची तेरवी झाली. आलू-वांग्याची भाजी जरा जास्तच तिखट झाली होती. तुम्ही असता तर नाक पुसत दुसऱ्यांदा वाढून घेतली असती. मी जेवले, हात धुतले आणि सवयीनं तुमच्या ओट्यावर आले, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय. तुमची खुर्ची कोणीतरी आत नेऊन ठेवली होती. ओट्यावर बसलेल्या पाहुण्यांनी मला जागा करून दिली आणि मी बसले.

आपलं भांडण एका वाक्याचं. त्या वाक्यामुळे तुमच्याकडून दहावीचा वर्ग गेला, माझ्या आईला गावातल्या दुकानात बियाणं मिळेनासं झालं, आणि इतकी वर्षं आपण दोघं त्यावर वाद घालत राहिलो. तुमची विद्यार्थिनी असताना मी एकदाच उलट बोलले, नंतर त्याच शाळेत तुमच्या शेजारच्या वर्गावर इंग्रजी शिकवायला लागले आणि चहाच्या सुट्टीत उलट बोलायला लागले. तुम्ही कधी रागावला नाहीत. त्याचाच मला राग यायचा.

तुम्ही यवतमाळचे. घरात वडील, काका, मोठे भाऊ, सगळे सरकारी कचेऱ्यांतले. तुम्ही आर्णीला आलात ते एका वर्षापुरते, संस्थेकडून कायम नोकरीची मान्यता आली की पुढचं बघू म्हणून. मान्यता आली नाही. दुसरीकडे अर्ज करायचं वय निघून गेलं. तुम्ही हे एकदाच सांगितलंत, बसस्टँडवर चहा पिताना. समोरून नांदेडची बस निघाली, मग नागपूरची लागली. "इथून कुठंही जाता येतं बघ वैशाली," तुम्ही म्हणालात, "गाड्यांची काही कमी नाही." आणि कप धुवायला ठेवून शाळेकडे चालायला लागलात.

वर्गात मात्र तुम्ही वेगळेच होता. आम्ही खेड्यांतून एसटीनं येणारी पोरं. इंग्रजी म्हणजे गाईडमधला निबंध पाठ करायचा आणि पेपरात ओतायचा, एवढंच आम्हाला माहीत. तुम्ही पहिल्याच आठवड्यात तिघांना समोर उभं केलंत. मंगेशला म्हणालात, तू 'माय फादर'. रेखाला म्हणालात, तू 'कॉटन'. मला म्हणालात, तू 'सेल्स'. मग विचारलंत, "मराठीत कसे उभे राहाल?" आम्ही राहिलो. बाबा, कापूस आणि शेवटी मी, विकतात. "म्हणजे मराठीत तू शेवटी येतेस. सगळं सांगून झाल्यावर काय केलं ते सांगायचं. इंग्रजीला तेवढा धीर नाही. ती म्हणते, कोण ते सांग आणि लगेच काय केलं ते सांग." मला दंडाला धरून तुम्ही मध्ये उभं केलंत. माय फादर सेल्स कॉटन. मग गंमत म्हणून मंगेशची आणि रेखाची जागा बदललीत. कॉटन सेल्स माय फादर. कापूस माझ्या बाबांना विकतो. वर्ग खदखदून हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "शब्द तेच आहेत. जागा बदलली की कोण कोणाला विकतं ते बदललं. आणि काही वर्षी हेही खरं असतं." मागच्या बाकावरची पोरं हसता हसता गप्प झाली. कारण ती वर्षंच तशी होती. बोंडअळी होती, भाव पडलेला होता, घराघरांत बोलणं कमी झालं होतं.

निबंध तुम्ही मोठ्यानं वाचायला लावायचे. आमची वाक्यं 'अँड' लावून लावून पानभर लांबायची. तुमचा नियम एकच होता, वाक्य एका श्वासात वाचून झालं पाहिजे. मंगेशचं एक वाक्य वाचताना तो स्वतःच खोकायला लागला, तेव्हा तुम्ही त्याला पाणी दिलंत आणि म्हणालात, "आता याची चार वाक्यं कर. तुझाही जीव वाचेल, वाचणाऱ्याचाही." माझा निबंध 'इंडिया इज अॅन अॅग्रिकल्चरल कंट्री'पासून सुरू व्हायचा. तुम्ही वही परत दिलीत. "हे तुला कोणी सांगितलं?"

"गाईडनं."

"गाईडचं शेत कुठं आहे?"

मी वही पुन्हा उघडली.

"तुझ्या शेतात सध्या काय होऊन राहिलं ते लिही."

मी लिहिलं, द वर्म ईट्स द बोल. अळी बोंड खाते. तुम्ही ते वाक्य बराच वेळ बघत राहिलात. मला वाटलं चुकलं. तुम्ही म्हणालात, "यात मला दुरुस्त करायला काही नाही." सर, त्यानंतर मला पुष्कळांनी चांगलं म्हटलं असेल, पण त्या दिवशी मी बसमध्ये उभ्यानं घरी गेले आणि पाय दुखले नाहीत.

त्याच वर्षी बाबा फवारणी करून आले आणि अंगणातच बसले. कपाशी डोक्याच्या वर गेली होती, वारा तोंडावर येत होता, आणि पाठीवरचा पंप गळका. आधी उलट्या झाल्या. मग ते आईला म्हणाले, "दिवा काहून लावला नाई?" बाहेर ऊन होतं. शेजारच्या गाडीतून त्यांना यवतमाळला नेलं. तिथं आमच्यासारखी आणखी माणसं होती, आजूबाजूच्या गावांतली. बाबा वाचले, पण नजर गेली ती पुरती परत आली नाही. अजून ते माणूस ओळखतात ते आवाजावरून.

मी शाळेत परत आले तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत. फक्त तुमचा डबा माझ्या बाकावर ठेवलात आणि त्या आठवड्यात नवा धडा घेतला. इंग्रजीत कर्ता वाक्यातून काढून टाकता येतो, त्याचा. 'काच फुटली' म्हणता येतं, कोणी फोडली ते न सांगता. "ही सोय कधी कामाची असते," तुम्ही म्हणालात, "आणि कधी लपायची जागा असते. वाचताना बघत जा, कोण लपलंय."

मग ती माणसं आली. दिल्लीचे पत्रकार होते आणि त्यांच्यासोबत एक परदेशी बाई. फवारणीनं आजारी पडलेल्या माणसांशी त्यांना बोलायचं होतं. जागा शाळेच्या हॉलमध्ये दिली, कारण एवढी मोठी जागा दुसरीकडे नव्हती. इंग्रजी बोलणारं माणूस म्हणजे तुम्ही, तेव्हा दुभाषी तुम्हीच. पहिल्या रांगेत संस्थेचे सचिव बसले होते. गावातलं सगळ्यात मोठं कृषी केंद्रही त्यांचंच. बाबांनी बियाणं तिथूनच घेतलं होतं आणि औषधही तिथूनच. तुमची मान्यता ज्या सहीवर अडली होती ती सहीही त्यांचीच.

बाबांना गर्दीत नेववत नव्हतं, म्हणून आई बोलायला आली. मी तिच्या शेजारी बसले होते. आई पहिल्यांदाच माईकसमोर बसली होती, पण ती अडखळली नाही.

"दुकानात सांगतलं का दोन्ही दवाया एकातच टाका, मंग अळी मरते. म्या म्हनलं हातमोजे द्या. तं तो हासला. म्हने, हातमोजे घालून का लग्नाले जातं?"

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. तुम्ही चष्मा वर केलात आणि त्या बाईंना सांगितलंत, "टू केमिकल्स वेअर मिक्स्ड. ग्लव्ज वेअर नॉट अव्हेलेबल." दोन औषधं मिसळली गेली. हातमोजे उपलब्ध नव्हते.

मी उभी राहिले. ठरवून नाही. वर्गात जशी उभी राहत होते तशीच.

"सर, सांगतलं कोनं, ते राह्यलं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या परदेशी बाईंनी विचारलं, ही मुलगी काय म्हणतेय? सगळा हॉल तुमच्याकडे बघत होता आणि सचिवही बघत होते. तुम्ही चष्मा काढून हातात धरलात. मग इंग्रजीत, आम्हाला शिकवताना बोलायचे तसं सावकाश बोललात. "ती म्हणते, मी कर्ता गाळला. दुकानदारानं त्यांना दोन औषधं मिसळायला सांगितलं. या बाईंनी हातमोजे मागितले. तो हसला."

तीन छोटी वाक्यं. मला प्रत्येक शब्द कळला. त्या बाईंनी ते लिहून घेतलं. सचिव उठून बाहेर गेले आणि त्यांच्यामागे त्यांची दोन माणसं गेली.

नंतर कोणी आरडाओरडा केला नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात वेळापत्रक बदललं. दहावीचं इंग्रजी तुमच्याकडून गेलं. तुम्हाला पाचवीचा वर्ग आणि खिचडीची देखरेख मिळाली. मान्यतेचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. मी तुमच्या घरी आले तेव्हा काकू मशीनवर ब्लाऊज शिवत होत्या. मला वाटलं, त्या मला दारातूनच परत पाठवतील. तुम्ही आतून आवाज दिलात, "वैशाली आहे का? निबंध आणला का?" मी आणला नव्हता. "मग घेऊन ये."

तेव्हापासून तुमचा वर्ग ओट्यावर भरायला लागला. काकूंची मशीन आत चालायची आणि बाहेर आम्ही वाक्यं कापायचो. दहावीला मला इंग्रजीत मिळालेले गुण आमच्या गावात त्याआधी कोणाला मिळाले नव्हते. पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही पेढा खाल्लात आणि विचारलंत, "बी पेरलं का यंदा?"

पेरलं होतं. पण त्याआधी, त्याच जूनमध्ये कृषी केंद्रात आई गेली तेव्हा नोकर म्हणाला, तुमच्यासाठी माल नाही. मागे पोती दिसत होती. आई रिकामी थैली घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी बियाणं घरी आलं, कुठून ते मी विचारलं नाही. मला वाटलं, मामानं पाठवलं असेल.

इथूनच आपलं भांडण सुरू होतं. बीएड करून मी परत आले आणि त्याच संस्थेत लागले. दुसरीकडे कुठं लागणार होते? बाबांना एकटं सोडवत नव्हतं आणि अर्ज केले तिथून उत्तरं येत नव्हती. मान्यतेसाठी मीही त्याच सहीची वाट बघायला लागले, तुमच्यासारखीच. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये तुम्हाला बघून मला आनंद झाला आणि दुसऱ्या दिवशी धास्ती वाटली, की मी माझंच वीस वर्षांनंतरचं रूप बघून राहिले का?

मी तुम्हाला विचारलं होतं, "सर, त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही वाक्य मऊ काहून केलं? घाबरला होता ना?"

तुम्ही चहात बिस्किट बुडवलंत. "नोकरीसाठी घाबरलो नव्हतो."

"मग?"

"तुझी आई तिथं बसली होती. दुकानवाला समोर. पुढच्या जूनमध्ये तिला बी लागणार होतं. ती माणसं विमानानं जाणार होती. तुझी आई जाणार नव्हती."

"पण ती तर स्वतःच बोलली, सर. तिनं दुकान लपवलं नाही. तुम्ही कोण लपवणारे?"

"हे बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. "तू तेव्हाही बरोबर होतीस. पण मीही चूक नव्हतो."

"दोन्ही कसं होईल?"

"होतं. स्वतःच्या तोंडानं स्पष्ट बोलायचं ते एक. दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून काढायचं, तेव्हा त्याच्या घरी उद्या काय होईल ते आपल्याला दिसतं. दिसत असून काय करायचं?"

मी म्हणायचे, जसं आहे तसं सांगायचं. तुम्ही म्हणायचे, बरं, आणि मग जूनमध्ये? मी म्हणायचे, जून जूनचं बघेल. तुम्ही हसायचे. घंटा व्हायची. किती वर्षं आपण हेच बोललो, सर. कधी मी चिडून बोललेही, की तुम्ही बसस्टँडवरच्या सगळ्या गाड्या सोडल्या आणि आता त्याला शहाणपण म्हणता. तुम्ही त्यावरही म्हणालात, "असेल तसंही." तुमच्याशी भांडणं म्हणजे कापसाच्या गंजीवर बुक्के मारणं. हात आत जायचा आणि काही लागायचं नाही.

दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा तुमच्या नाकात नळी होती. बोलायला त्रास होत होता. मी सांगितलं, सर, यंदाची दहावी चांगली आहे, पण वाक्यं लांब करतात. तुम्ही बोटानं हवेत एक रेघ मारलीत आणि दुसरी, तिसरी. कापा, म्हणून. मी हो म्हटलं. मला खरं तर दुसरंच बोलायचं होतं. मला म्हणायचं होतं की मी आयुष्यात जे काही सरळ बोलू शकले ते तुमच्यामुळे. त्याची किंमत तुम्ही मोजलीत हे मला माहीत आहे. ती परत देण्याचा काही मार्ग मला सापडलेला नाही. तेवढ्यात नर्स आली आणि म्हणाली, वेळ संपली.

तुम्ही गेल्यानंतर काही दिवसांनी ओट्यावर पोरी येऊन बसल्या. यंदाच्या दहावीच्या. कोणी बोलावलं नव्हतं. वह्या घेऊन आल्या आणि बसल्या. काकूंनी मला फोन केला. "या पोरींना मी काय सांगू ग? उठा म्हणून सांगवत नाही." मी आले. संस्थेनं कर्मचाऱ्यांना घरी शिकवण्या घ्यायला मनाई केलीय, ते तुम्हाला माहीतच आहे, तुमच्यासाठीच तो नियम काढला होता. रस्त्यानं जाणारे दोन शिक्षक माझ्याकडे बघून पुढे गेले. मी पोरींना विचारलं, "काय लिहिलंय?" एकीनं वाचायला सुरुवात केली. वाक्य इतकं लांब होतं की मधेच तिला रडू आलं. आम्ही ते तिथंच कापलं, चार तुकडे केले. आत काकूंची मशीन बंद होती. मग थोड्या वेळानं चालू झाली.

वर्ग आता रोज भरतो. सचिवांनी अजून काही म्हटलेलं नाही. म्हणतील. माझीही सही त्यांच्याकडेच आहे. पहाटे जाग आली की पुन्हा झोप लागत नाही, तुम्हालाही तसंच व्हायचं का, हे विचारायचं राहून गेलं.

काल तेरवीहून परत जाताना आई आणि बाबा माझ्यासोबत ऑटोत होते. आई अचानक म्हणाली, "लय सादा मानूस होता. त्या साली बी आनाले मले दिग्रसले घेऊन गेलता."

मला कळलंच नाही. "कोण?"

"तुये सर. अन कोन? इथल्या दुकानवाल्यानं नाई म्हनलं ना तवा. दुसऱ्या रोजी सकाळीच गाडी घेऊन आपल्या दारात. म्हने, चला, दिग्रसले माह्या वळखीचा दुकानदार हाये. तू तवा घरी नोती."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"त्याईनं सांगतलं होतं, पोरीले नोका सांगू. म्हने, तिचं माह्यासंगं भांडन चालू हाये, ते मंग ती सोडून देईन."

ऑटो खड्ड्यातून गेला. बाबांनी चाचपून माझा हात धरला. सर, त्या वर्षी तर आपलं भांडण सुरूही झालं नव्हतं. मी अजून तुम्हाला काही विचारलंही नव्हतं. मी हॉलमध्ये उभी राहिले तेव्हाच तुम्हाला कळलं होतं का, की ही पोरगी हे सोडणार नाही? आणि तुम्हाला ते हवं होतं?

मी आईला विचारलं, "वाटेत काय बोलले सर?"

"काय बोलतीन? रस्ता खराब होता. मी बियान्याची थैली पोटाशी धरून बसली होती, सांडाले नोको म्हनून. ते गाडी हळू चालवत होते."